शेतात सेन्सरचे जाळे उतरवताना मातीआधी नोडची नाडी मोजावी

माळवामाती

नमस्कार. मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो, पोटापाण्यासाठी मोजमापाची उपकरणे तयार करतो, आणि गेली तीन वर्षे मामेभावाच्या सांवेरजवळच्या शेतात बिनतारी सेन्सरचे एक लहान जाळे चालवतो. त्यात चौदा नोड, म्हणजे सेन्सर, प्रोसेसर आणि रेडिओ असलेले बॅटरीवरचे डबे, आहेत. दहा नोड मातीतला ओलावा आणि तापमान मोजतात, दोन खताच्या ढिगांत रुतवलेले आहेत, एक विहिरीच्या पाण्याची पातळी पाहतो आणि एक गच्चीवरच्या गेटवेशेजारी, म्हणजे सगळ्या नोडांचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्राशेजारी, राहून हवेचे तापमान नोंदवतो. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू व बटाटा, असा तिथला क्रम आहे.

असे जाळे करू पाहणारे बरेच जण मला पहिल्यांदा विचारतात की बोर्ड कोणता घ्यावा. जेल रोडच्या दुकानांतून आणि ऑनलाइन आता इतके बोर्ड मिळतात की प्रश्न पडणे साहजिक आहे. तरीही माझे मत असे झाले आहे की पहिला प्रश्न वेगळा असला पाहिजे. शेतातला एखादा नोड उद्या गप्प झाला, तर तो का गप्प झाला हे इंदुरात बसून तुम्हाला सांगता येईल का? ज्या रचनेत या प्रश्नाला उत्तर नाही, ती रचना टेबलावर कितीही चांगली चालली तरी शेतात टिकत नाही. दोन अनुभव सविस्तर सांगतो.

पहिल्या हिवाळ्यात आमचा नववा नोड रोज पहाटे चारच्या सुमारास गप्प व्हायचा आणि ऊन वर आले की आपोआप बोलू लागायचा. आमच्याकडे पोचणाऱ्या पॅकेटमध्ये, म्हणजे नोडने एका वेळी पाठवलेल्या संदेशात, तेव्हा फक्त नोडचा क्रमांक, ओलावा आणि तापमान एवढेच असायचे, त्यामुळे गप्प बसण्याचे कारण कळायला काही मार्ग नव्हता. मी आधी दवावर संशय घेतला, मग अँटेनावर. अँटेना दोनदा बदलली आणि डब्याच्या झाकणाखाली नवे रबर बसवले. या खटपटीत सहा आठवडे गेले, आणि प्रत्येक खेपेला सांवेरची एक फेरी झाली. शेवटी फर्मवेअरमध्ये, म्हणजे नोडच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, बदल करून पॅकेटमध्ये एक बाइट वाढवला. प्रोसेसर सुरू होताना तो स्वतःच्या एका रजिस्टरमध्ये आधी बंद का पडलो याची नोंद ठेवतो. ती नोंद मी पॅकेटबरोबर पाठवू लागलो, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर मिळाले. वीजदाब खाली गेल्यामुळे प्रोसेसर पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत होता. आमचा लोरा रेडिओ (कमी ऊर्जेत लांबवर पोचणारा) पूर्ण ताकदीने, म्हणजे २० डीबीएमने, बोलतो तेव्हा साधारण १२० मिलिअँपिअर ओढतो. पेन्सिल सेल अर्धे वापरलेले, त्यात पहाटेची थंडी, आणि सेलच्या स्प्रिंगवर हिरवट गंज. दोन सेल आणि स्प्रिंग मिळून रोध ५ ओहम झाला, तर बोलताना ०.६ व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेलवर २.५ व्होल्ट असतील तर प्रोसेसरपर्यंत १.९ पोचतात, आणि त्याची मर्यादा आम्ही २.० वर ठेवलेली होती. बोलण्याच्या क्षणी साठवलेली वीज देऊन सेलवरचा भार हलका करावा म्हणून मी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला आणि तक्रार थांबली.

दुसरा अनुभव खताच्या ढिगाचा आहे. इंदुरात खताच्या ढिगाला इतिहास आहे. १९२४ ते १९३१ या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत यशवंत वाड यांच्याबरोबर शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. तीन महिन्यांत खत तयार करायचे आणि त्या काळात ढीग तीनदा पलटायचा, असा तिचा क्रम आहे. पलटण्याची वेळ तापमानावरून ठरवावी म्हणून आम्ही लोखंडी नळीच्या टोकाशी डीएस१८बी२० हा सेन्सर बसवून ती नळी ढिगात खुपसली. एका रात्री दोन वाजता फोनवर इशारा आला की ढिगाचे तापमान ८५ अंश आहे. मी मामेभावाला उठवले. तो बादलीभर पाणी आणि काच-थर्मामीटर घेऊन ढिगावर गेला, तर आत ५८ अंश होते, आणि वाफ येत होती ती रोजचीच.

हा सेन्सर चालू होताना त्याच्या स्मृतीत ८५ हाच आकडा भरलेला असतो. बारा बिटांच्या अचूकतेने एक मोजणी पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि त्याआधी आकडा वाचला तर तो ८५ सांगतो. ऊर्जा वाचवण्यासाठी मी सेन्सरचा वीजपुरवठा मोजणीपुरताच चालू करत होतो आणि थांबण्याचा वेळ कमी ठेवला होता. खोलीत हा दोष लगेच ओळखू आला असता, कारण खोली ८५ अंशांवर कधीच जात नाही. ढिगात मात्र तो आकडा खरा वाटण्याइतका जवळ होता. आता अचूक ८५.० आले की फर्मवेअर पुन्हा मोजते, आणि पॅकेटमध्ये ‘पुन्हा मोजले’ अशी खूण जाते.

या दोन प्रसंगांनंतर आमच्या प्रत्येक पॅकेटमध्ये मातीच्या आकड्यांबरोबर नोडचे स्वतःचे काही आकडे जातात. पॅकेटचा चढता क्रमांक, मागच्या वेळी बंद पडण्याचे कारण, आजवर किती वेळा नव्याने सुरू झाला ती संख्या, बॅटरीचा वीजदाब आणि फर्मवेअरची आवृत्ती, असे ते सहा बाइट आहेत. चढत्या क्रमांकाचा उपयोग सगळ्यांत मोठा आहे. ४१ नंतर एकदम ४४ आला तर दोन पॅकेट हवेत हरवले, आणि ४१ नंतर १ आला तर नोड मधे मरून पुन्हा उठला. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी असतात, आणि क्रमांकाशिवाय दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

ज्यांनी प्रत्यक्ष जाळी उतरवली आहेत त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि माझे काही चुकत असेल तर तेही सांगावे.

पहिलापाऊस

धागा वाचून बरे वाटले, कारण मराठीत या विषयावर फार थोडे सापडते. मी इंदूरलाच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो आणि प्रकल्पासाठी असेच जाळे करायचे ठरवले आहे. पाठ्यपुस्तकात मेश रचनेवर भर आहे, म्हणजे एका नोडने दुसऱ्याचे पॅकेट पुढे पोचवायचे. आपण लोरा वापरता, त्यात तर प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलतो. मग आम्ही शिकतो त्या मार्ग-निवडीच्या पद्धती शेतात निरुपयोगी आहेत का? आणि नोडसाठी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) कोणती निवडावी?

माळवामाती

पहिलापाऊस, निरुपयोगी मुळीच नाहीत, मात्र कोणत्या अडचणीतून त्या जन्मल्या हे आधी पाहा. टेलॉसबी हा प्रसिद्ध नोड घ्या. त्यात १० किलोबाइट रॅम, प्रोग्रॅमसाठी ४८ किलोबाइट, आणि २.४ गिगाहर्ट्झवर ८०२.१५.४ मानकाने बोलणारा सीसी२४२० रेडिओ होता. तो रेडिओ बोलताना १७.४ मिलिअँपिअर घेतो आणि नुसता ऐकताना १८.८. ऐकणे बोलण्यापेक्षा महाग आहे, ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली त्याला या क्षेत्रातल्या अर्ध्या पद्धती का निर्माण झाल्या हे आपोआप कळते.

हिशोब साधा आहे. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल आहेत आणि रेडिओ सतत चालू राहून २० मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत, सगळे संपते. रेडिओ शंभरातला एकच भाग वेळ जागा ठेवला तर सरासरी ०.२ मिलिअँपिअर होते आणि तेच सेल कागदावर ५२० दिवस पुरतात. प्रत्यक्षात झोपेतला प्रवाह आणि सेलची स्वतःची गळती त्यातून वजा होते. मेशमध्ये शेजाऱ्याचे पॅकेट घ्यायचे तर कधीतरी ऐकावे लागते, आणि ते ऐकणे कमीत कमी वेळात कसे उरकायचे यावर बी-मॅक, एक्स-मॅक, कॉन्टिकी-मॅक अशा पद्धतींची सगळी मालिका उभी आहे. लोरावॅन, म्हणजे लोरा रेडिओवर जाळे चालवण्याचे मानक, त्याच्या ‘अ’ वर्गातल्या नोडला दुसऱ्या कोणासाठी ऐकावेच लागत नाही. तो आपले बोलून झाले की दोन लहान खिडक्यांपुरता कान उघडा ठेवतो आणि झोपतो. शेत मोकळे, आकडे थोडे आणि पंधरा मिनिटांनी एकदा पाठवायचे असतील, तर मी लोराच घेईन. इमारतीच्या आत, कारखान्यात किंवा जिथे आकडे वारंवार आणि दोन्ही दिशांनी जायचे आहेत तिथे मेश उपयोगी पडते.

मेश करणार असाल तर हेही मोजून पाहा. एका टप्प्यात शंभरातली नव्वद पॅकेट पोचत असतील तर पाच टप्प्यांनंतर एकोणसाठच उरतात. प्रत्येक टप्प्यावर पोच मागून आणखी तीन वेळा पाठवण्याची मुभा दिली की हे नुकसान जवळजवळ नाहीसे होते, पण त्याची किंमत पुन्हा ऊर्जेत मोजावी लागते. म्हणूनच चांगल्या मार्ग-निवडीत टप्पे किती हे पाहत नाहीत, एक पॅकेट पोचवायला एकूण किती प्रयत्न लागतील याचा अंदाज पाहतात. मेशमधल्या मार्ग-निवडीच्या आरपीएल या मानकातली ट्रिकल ही युक्ती मला फार आवडते. शेजारी आपल्यासारखेच सांगत आहेत असे ऐकू आले की नोड आपले बोलणे लांबवत नेतो, आणि कुठे विसंगती दिसली की लगेच भरभर बोलू लागतो.

कार्यप्रणालीबद्दल थोडक्यात सांगतो. टायनीओएसने या क्षेत्राला घडवले, पण नवे काम आज त्यावर सुरू करू नये. कॉन्टिकी-एनजी, रायट किंवा झेफिर यांपैकी एक घ्यावी. कॉन्टिकीत एक खाचखळगा आहे. तिच्या प्रोटोथ्रेडमध्ये, म्हणजे एकाआड एक चालणाऱ्या हलक्या कामांमध्ये, वाट पाहण्याच्या जागी फंक्शन परत फिरते, म्हणून साधे स्थानिक चल त्या वाटेनंतर टिकत नाहीत, आणि टिकवायचे असतील तर ते ‘स्टॅटिक’ ठेवावे लागतात. कुजा हा सिम्युलेटर शिकायला उत्तम आहे, पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत रेडिओची पोच म्हणजे एक गोल वर्तुळ असते. सांवेरच्या शेतात मला असे वर्तुळ अजून सापडलेले नाही.

दोन गोष्टी मात्र कोणतीही प्रणाली असली तरी पाळा. सगळे नोड बरोबर तासाच्या ठोक्याला उठवू नका, नाहीतर सगळे एकदम बोलतील आणि एकमेकांची पॅकेट पाडतील. प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाप्रमाणे काही सेकंद मागे ठेवा. आणि वॉचडॉगला, म्हणजे ठरल्या वेळात उसंत मिळाली नाही तर नोड नव्याने सुरू करणाऱ्या राखणदाराला, टायमरच्या इंटरप्टमधून उसंत देऊ नका, कारण मुख्य काम अडकून पडले तरी तो टायमर चालूच राहतो. मोजणे, नोंदवणे आणि पाठवणे हे सगळे पार पडल्यावरच ती द्यावी.

तरंगलांबी

मी रेडिओच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून दोन मुद्दे जोडतो.

नोडच्या डब्यावर बोटभर अँटेना लावून तो डबा पिकात कमरेइतक्या उंचीवर ठेवण्याची चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. रेडिओची लहर दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेवरूनच जाते असे नाही. तिला त्या रेषेभोवती मधे फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती अशी मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झवर तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते, आणि अंतर २०० मीटर धरले तर त्या फुगवट्याची मध्यावरची त्रिज्या अडीच मीटर येते. अँटेना एक मीटरवर असेल तर त्यातला मोठा भाग पिकात आणि जमिनीत जातो. जूनच्या अखेरीस रान मोकळे असताना सगळे उत्तम चालते, आणि ऑगस्टमध्ये सोयाबीनची पाने पाण्याने निथळत असताना तेच जाळे तुटक होते, कारण या लहरी पाणी शोषून घेते. उघाड पडली की पुन्हा सुरळीत होते, आणि लोक फर्मवेअरमध्ये दोष शोधत बसतात. ८६५ मेगाहर्ट्झवर पाने कमी त्रास देतात, पण तिथे एक किलोमीटरच्या अंतराला तीच त्रिज्या नऊ मीटरच्या वर जाते. म्हणून गेटवेची अँटेना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर असावी, आणि नोडची निदान पिकाच्या शेंड्यांच्या वर.

दुसरा मुद्दा परवान्याचा आहे. आपल्या देशात २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. प्रेषकाची शक्ती १ वॅट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट आणि वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झ, अशा मर्यादा त्याला घातलेल्या आहेत. २०२१ मध्ये हा पट्टा ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. ऑनलाइन मिळणारे कित्येक लोरा बोर्ड अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झसाठी जुळवलेले असतात. ते स्वस्त मिळाले म्हणून वापरू नयेत, कारण आपल्याकडे ८९० ते ९१५ हा भाग मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांचा आहे. बोर्डाची चिप प्रोग्रॅममधून ८६५ वर आणता येते हे खरे, पण बोर्डावरचे जुळणीचे घटक आणि अँटेना ९१५ साठीच राहतात आणि पोच घटते.

काळीजमीन

आमची देपालपूरकडे शेती आहे आणि माझा विषय मृदाशास्त्र. माळव्याच्या काळ्या मातीत ओलावा मोजताना जे बिघडते ते रेडिओच्या आधी बिघडते, म्हणून लिहितो.

या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. एप्रिलमध्ये आमच्या रानात मनगट आत जाईल अशा भेगा पडतात. सेन्सरची पाती आजूबाजूच्या पदार्थाची विद्युत-धारकता मोजते, आणि तिला माती व हवा यांतला भेद कळत नाही, फक्त सरासरी कळते. माती आकसून पातीपासून सुटली आणि मधे दोन मिलिमीटर हवा आली, की ओलावा एकदम कोसळल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते पीक वाळले. मग पहिला पाऊस त्याच फटीतून सरळ खाली उतरतो, आणि वरचा थर कोरडा असताना ३० सेंटिमीटरवरचा सेन्सर आधी ओला होतो. हे दोन्ही आकडे उपकरणाच्या दृष्टीने खरे आहेत आणि शेताच्या दृष्टीने खोटे.

आम्ही सेन्सर वरून खुपसत नाही. शेजारी खड्डा घेऊन त्याच्या उभ्या भिंतीत पाती आडवी सारतो, आणि तीच माती ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने, थर दाबत, परत भरतो. केबल आधी खाली वळवून मग वर काढतो, म्हणजे केबलच्या कडेने आलेले पाणी वळणाशी थांबते आणि पातीपर्यंत पोचत नाही. एवढे करूनही कारखान्यातून आलेले समीकरण काळ्या मातीला जुळत नाही. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी सेन्सरजवळची माती ठरावीक आकारमानाच्या नळीने काढायची, तोलायची, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास वाळवायची आणि पुन्हा तोलायची. वजनातला फरक म्हणजे पाणी. ओल्या टोकापासून कोरड्या टोकापर्यंत असे आठ-दहा बिंदू मिळाले की स्वतःचे समीकरण मांडता येते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

माळवामाती

काळीजमीन, तुमचा प्रतिसाद मी मामेभावाला वाचून दाखवला आणि त्याने लगेच सहावा व सातवा नोड उकरून पाहिला. सातव्याची पाती एका बाजूने पूर्ण उघडी होती. एप्रिलपासूनचे त्या नोडचे आकडे मी आता वेगळे काढून ठेवले आहेत.

यावरून नेदरलँड्समधला एक प्रयोग आठवला, आणि आमच्याकडेही बटाटा असल्यामुळे तो मला जवळचा वाटतो. बटाट्यावरच्या करप्याचा अंदाज घेण्यासाठी तिथल्या संशोधकांनी एका शेतात शंभराच्या आसपास नोडांचे जाळे उतरवले होते. पूर्ण हंगामात अपेक्षित आकड्यांपैकी दोन टक्केच हाती लागले. त्यांनी ते दडवले नाही, कुठे काय चुकले ते २००६ मध्ये सविस्तर छापले. टेबलावर न तपासलेले फर्मवेअरचे बदल शेतात गेले आणि वेगवेगळे भाग एकमेकांच्या पायात आले, असे त्यात वाचायला मिळते. यशस्वी जाळ्यांच्या दहा वर्णनांपेक्षा त्या एका लेखाने मला जास्त शिकवले. तेव्हापासून कोणतेही नवे फर्मवेअर आधी घराच्या गच्चीवर दोन आठवडे, पूर्ण चौदा नोडांवर, चालल्याशिवाय मी सांवेरला नेत नाही.

तरंगलांबी यांनी उंचीचे सांगितले ते मान्य आहे. आमच्या अँटेना सियागंजातून आणलेल्या जस्ती नळ्यांवर दीड मीटरवर आहेत. मात्र सोयाबीन काढायला हार्वेस्टर येतो तेव्हा त्या नळ्या उपटून काढाव्या लागतात आणि गव्हाच्या पेरणीनंतर पुन्हा रोवाव्या लागतात. म्हणून नळी जमिनीतल्या एका रुंद नळीत नुसती उभी राहते आणि मातीतला सेन्सर न हलवता वरचा भाग उचलता येतो, अशी जोडणी केली आहे. नीलगायींनी अंग घासून दोन नळ्या वाकवल्या, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

मोजपट्टी

मूळ लेखातल्या दोन गोष्टींना माझी हरकत आहे.

पहिली कपॅसिटरबद्दल. १००० मायक्रोफॅरडने तुमची अडचण सुटली असे तुम्ही लिहिले आहे, पण हिशोब जुळत नाही. दहा बाइटांचे पॅकेट लोरावॅनवर सर्वांत वेगवान एसएफ७ ने (एसएफ म्हणजे लोराच्या वेगाची पायरी, आकडा वाढला की वेग घटतो आणि पल्ला वाढतो) पाठवले तरी रेडिओ सुमारे ६२ मिलिसेकंद बोलतो. १२० मिलिअँपिअर त्या ६२ मिलिसेकंदांत पुरवायचे आणि वीजदाब ०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचा नाही, तर सुमारे २५,००० मायक्रोफॅरड लागतील. तुमचा कपॅसिटर अडीच मिलिसेकंदांतच ०.३ व्होल्टने उतरेल आणि पुढचा सगळा भार पुन्हा त्याच थकलेल्या सेलवर येईल. तक्रार दुसऱ्या कशाने तरी थांबली असावी. ती कशाने थांबली हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर ती परतही येईल.

दुसरी हरकत सहा बाइटांची. नोडची प्रकृती दर पॅकेटमध्ये पाठवणे एसएफ७ ला परवडते, कारण त्याने बोलण्याचा वेळ जेमतेम पाच मिलिसेकंदांनी वाढतो. पण दूरचा नोड एसएफ१२ वर असेल तर त्याचे तेच दहा बाइट जवळपास दीड सेकंद घेतात आणि वरचे सहा बाइट आणखी १६४ मिलिसेकंद. दिवसाच्या ९६ पॅकेटांत हे पावणेसोळा सेकंद होतात, तेही रेडिओ सर्वांत जास्त प्रवाह घेत असताना. अशा नोडने क्रमांक दर वेळी पाठवावा आणि बाकीची प्रकृती दिवसातून चारदा पाठवावी. मात्र नव्याने सुरू झाल्यावरचे पहिले पॅकेट नेहमी पूर्ण असावे.

विश्वामित्रीकाठ

मी वडोदऱ्याहून लिहितो आहे आणि माझे काम आकडे साठवण्याच्या बाजूचे आहे. गेटवेच्या पलीकडेही तितक्याच चुका होतात, त्यांपैकी दोनच सांगतो.

न आलेला आकडा कोणत्याही परिस्थितीत शून्य म्हणून किंवा मागच्या आकड्याने भरून साठवू नका. रिकामी जागा रिकामीच राहू द्या. आलेख तुटक दिसतो म्हणून कोणीतरी ती भरते, आणि दोन वर्षांनी तो भरलेला आकडा मोजलेला समजून त्यावर निष्कर्ष निघतो. कच्चा आकडा, समीकरण लावून आलेला आकडा आणि कोणते समीकरण लावले त्याची आवृत्ती, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. काळीजमीन यांच्या पद्धतीने उद्या समीकरण सुधारले तर जुने आकडे त्यामुळेच पुन्हा काढता येतील.

दुसरे वेळेविषयी. नोडमधला ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस भाग, इतका चुकला तरी दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो. शिवाय तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो आणि गरम किंवा थंड झाला की मागे पडतो. उन्हात तापलेला डबा ५५ अंशांवर गेला तर तेवढ्या वेळापुरता तो आणखी तीस पीपीएम मागे जातो, म्हणजे दिवसाला अडीच सेकंदांच्या दराने. मातीच्या ओलाव्याला हे चालते. पण नोड आकडे स्वतःच्या फ्लॅशमध्ये साठवून नंतर एकदम पाठवणार असेल, तर प्रत्येक नोंदीबरोबर नोडचे घड्याळ आणि पॅकेट पोचले तेव्हाचे गेटवेचे घड्याळ, दोन्ही ठेवावीत. नोंद वीस बाइटांची धरली तर पंधरा मिनिटांच्या क्रमाने १ मेगाबाइटमध्ये जवळजवळ दीड वर्ष मावते, त्यामुळे जागेची कंजुषी करण्याचे कारण नाही.

माळवामाती

मोजपट्टी, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि माझा निष्कर्ष चुकीचा होता. जुनी वही काढून पाहिली. ज्या दिवशी कपॅसिटर बसवला त्याच दिवशी मी सेल बदलले होते आणि स्प्रिंगही घासली होती. तीन बदल एकदम केले आणि श्रेय एकाला दिले. एसएफ१२ वरच्या दोन नोडांसाठी तुमची दिवसातून चारदाची सूचनाही घेतली आहे, आणि दोघांचे फर्मवेअर सध्या गच्चीवर आहे.

मागच्या रविवारी नवव्या नोडमधला कपॅसिटर काढून टाकला आणि सगळ्या नोडांत एक बदल केला. आतापर्यंत बॅटरीचा वीजदाब मी रेडिओ झोपेत असताना मोजत होतो, आणि अशा वेळी थकलेला सेलही तंदुरुस्त दिसतो. आता तो दोनदा मोजला जातो, एकदा विश्रांतीत आणि एकदा रेडिओ बोलत असताना, आणि दुसरा आकडा पुढच्या पॅकेटमधून येतो. त्यासाठी एक बाइट वाढला.

आज पहाटे साडेचारचे आकडे समोर आहेत. गच्चीवर ८ अंश होते. नववा नोड विश्रांतीत २.९१ व्होल्ट आणि बोलताना २.८४, म्हणजे वाटेतला रोध ०.६ ओहमच्या आत आहे. अकराव्याबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती, आणि तो विश्रांतीत २.८८ असताना बोलताना २.३५ वर उतरतो, म्हणजे साडेचार ओहमच्या जवळ. सेल दोघांचेही एकाच दिवशी घातलेले आहेत. शनिवारी सांवेरला जाताना बारीक सँडपेपर बरोबर नेतो आहे. या वेळी फक्त स्प्रिंग घासणार, सेल तेच ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे आकडे इथे लिहीन.